आप्पांनी न लिहिलेली पत्रिका

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून बालीगंजला त्यांच्या घरी पोचलो... माझे वडील पंच्याऐंशीचे होते, आदल्या संध्याकाळी नीट जेवलेही होते. तक्रारीला जागा नव्हती, तरी रडू आलंच. या दीड महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास असतं : ‘माझी पत्रिका आप्पांच्या हातची.’ खरंच आहे ते. आप्पांची नोकरी गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत. पण कलकत्त्यातल्या मराठी घरात मूल जन्मलं की पेढ्यांच्या आधी जन्मवेळेची चिठ्ठी त्यांच्याकडे यायची. त्यांनी लिहायला नकार दिलेली पत्रिका एकच. ती माझी होती, आणि आज मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. माझी परीक्षा संपली होती आणि जहाजावरच्या शिक्षणासाठी निवड झाल्याचं पत्र हातात पडलं होतं. शिंगं फुटायला आणखी काय लागतं? तपन नावाच्या मित्राच्या घरी भरदुपारी बिअर प्यायलो, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्याच्या वडिलांची मोटार बाहेर काढली. तपन नको नको म्हणत असताना चालवायला मीच बसलो. गडियाहाटच्या वळणावर हातरिक्षा मला दिसली होती, पण पाय ब्रेकवर वेळेत गेला नाही... रिक्षा सुदैवानं रिकामी होती. ती ओढणारा रामखिलावन मात्र रस्त्यावर पडला होता आणि त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं माझं तोंड हुंगलं, वय विचारलं, लिहून घेतलं. परवाना अठराव्या वर्षी मिळायचा, मी सोळाचा. त्यात दारू, त्यात माणूस जखमी. जामिनावर घरी आलो. आप्पा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

वकील घोषबाबू आप्पांच्या ओळखीचे, माणूस भला. त्यांनी समजावून सांगितलं : सोळाच्या आतला मुलगा असेल तर मुलांच्या कायद्याखाली समज देऊन सोडतील. सोळा पूर्ण असतील तर रीतसर खटला, शिक्षा, आणि जहाज विसरा. मला सोळा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते.

“स्कूल में तारीख गलत लिखा गया, बोल देंगे,” घोषबाबू म्हणाले. “कुंडली तो आप खुद बनाते हैं, मोशाय. चार महीना इधर-उधर... कौन देखेगा?”

“चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे,” आई म्हणाली. “लिहा ना हो. पोराचं आयुष्य आहे.”

मी मान खाली घालून बसलो होतो, पण मनात आईच्याच बाजूनं होतो.

“चार महिन्यांत सगळे ग्रह हलतात,” आप्पा म्हणाले. “लग्न बदलतं, रास बदलते. तो कुणी दुसराच मुलगा होईल. त्या माणसाचा पाय ह्यानं मोडलाय. कोर्टात ह्यालाच उभं करायचं.”

“आणि जहाज?” आईनं विचारलं.

“जाईल,” ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

कोर्टात गुन्ह्याच्या दिवशीचं वय विचारलं गेलं तेव्हा घोषबाबू कागद चाळत राहिले. आप्पाच उठले आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले : सोळा वर्षं, तीन महिने, अकरा दिवस. दंड झाला, दोन वर्षं नीट वागण्याची हमी लिहून द्यावी लागली, एकविसाव्या वर्षापर्यंत परवाना बंद झाला. पंधरवड्यात जहाजवाल्यांचं नकाराचं पत्र आलं. वर्षभर मी आप्पांशी धड बोललो नाही. त्यांनी तेही मनावर घेतलं नाही. दर रविवारी मला ट्रामनं इस्पितळात न्यायचे आणि रामखिलावनच्या खाटेशी बसवायचे. त्याचा पाय अधूच राहिला. आप्पांनी खटपट करून त्याला कचेरीत दरवानाची जागा मिळवून दिली, पण मला कधी माफी माग म्हणाले नाहीत. ती मी मागितली, चौथ्या की पाचव्या रविवारी.

पुढे नोकरीच्या पहिल्याच अर्जात रकाना होता : पूर्वी शिक्षा झाली आहे काय? ‘नाही’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी ‘होय’ लिहिलं. ती नोकरी मिळाली नाही, दुसरीही नाही, तिसरी मिळाली. घरी येऊन आप्पांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, “शिक्षेची तारीख बरोबर घातलीस ना?” या माणसाचा मुलगा असल्याचा अभिमान मला त्या संध्याकाळी वाटला, आणि तो पुढे कधी कमी झाला नाही.

गेल्या आठवड्यात पासपोर्टचा अर्ज भरत होतो. बायको म्हणाली, “इतक्या जुन्या गोष्टी आता कोण विचारतंय?” मी ‘होय’ लिहिलं, पुढे तारीख घातली, आणि ती बरोबर आहे हे सांगायला आप्पांना फोन लावला... पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर लक्षात आलं.