बायजाकाकूंची घंटा

मेंढरं विकून शिरूरला मुलाकडे आलेल्या बायजाकाकूंना म्हातारपणी मोबाइलवर कुणीतरी भेटलंय, अशी आळीत कुजबुज होती. कसलं काय! त्या रानोमाळ मेंढरांमागं फिरणाऱ्या भावांशी, भाच्यांशी बोलायच्या. मोबाइल शिकवणारी होती कॉलेजात जाणारी वैष्णवी, माझीच भाडेकरू! मला शिकवायचं सोडून ती तिकडे जाते, म्हणून माझा नुसता जळफळाट. काकूंना अक्षरओळख नाही, पण घंटेवरून मेंढरू ओळखायची सवय. म्हणून वैष्णवीनं प्रत्येक माणसाला वेगळी धून लावून दिली. धून वाजली की काकू न बघता नाव सांगत. माझा नवा फोन मात्र कपाटातच. शेवटी मी फणकाऱ्यानं विचारलं, "काकू, माझी कुठली धून?"

"आदी फोन लावाय शिक, मग बांधते तुझ्या गळ्यात घंटा."