ओळंब्याने सरळ केलेले फोटो

तसबिरींना चौकटी बसवायचं त्याचं दुकान होतं. दिवसभर लाकूड कापायचं, काच पुसायची, कोपरे जुळवायचे. चौकट केसभर कलली तरी त्याला चैन पडत नसे. म्हणून सगळ्यांनी गवंड्याच्या दोरीवरून नाव ठेवलं, ओळंबा. संध्याकाळी तो कॅमेरा गळ्यात अडकवून क्लबात जाई, गावातल्या रॉक बँडचे फोटो काढायला.

ते काही नुसतं बटण दाबणं नव्हे. वाजवणाऱ्याचे डोळे दिपतात म्हणून फ्लॅश वापरायचा नाही, आणि मंद उजेडात हात हलून चालत नाही. डावीकडच्या खांबाला खांदा टेकायचा, कोपर बरगडीत रोवायचं, श्वास धरायचा. ड्रमवरची काठी वर जाऊन थबकते, तेव्हाच बटण. मागून धक्के बसत, अंगावर बिअर सांडे. त्याने जागा सोडली नाही, आणि स्टेजवरच्या कुणाला कधी ‘जरा सरक’ म्हटलं नाही.

ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ बसे, स्टेजच्या मधोमध. त्याच्या डोक्यावर छताला आडवा लोखंडी पाइप होता आणि त्याला सगळे दिवे टांगलेले. घरी आल्यावर ओळंबा संगणकावर तो पाइप आडव्या रेघेशी जुळवून प्रत्येक फोटो सरळ करी.

“दादा, हल्ली तुझ्या फोटोत आम्ही सगळे प्यायलेले दिसतो,” धाकटा म्हणे.

“तू बसतोसच वाकडा. आई सांगून सांगून दमली.”

मग क्लबचा दिवेवाला शिडीवरून पडला. मणका मोडला. त्या पाइपाशीच काहीतरी आवळत होता, एवढंच लोकांना ठाऊक. त्याच्या औषधपाण्यासाठी एका दुपारी कार्यक्रम ठरला. भिंतीवर लावायला जुने फोटो हवे होते. त्या दिवशी ओळंब्याने ते दुकानातल्या टेबलावर क्रमाने मांडले आणि त्याचा हात थांबला.

प्रत्येक फोटोत पाइप सरळ होता. मागचा दरवाजा कललेला. नव्या फोटोंत जास्त.

दरवाजा तर भिंतीत पक्का बसवलेला. तो कसा कलेल?

तो फोटो घेऊन तसाच क्लबात गेला. लोक यायला लागले होते. क्लबवाल्याने फोटो पाहिले, मान वर करून पाइप पाहिला.

“इतकी वर्षं लोंबतोय. पडला का?”

“दिवेवाला कशाला चढला होता वर?”

“तू फोटो काढ रे. छताचं मी बघतो.”

धाकटा ड्रमचे स्क्रू आवळत बसला होता, पाइपाच्या बरोबर खाली. गिटारवाला तारा जुळवत होता. छताचं नाव काढलं असतं तर दोघे हसले असते; ओळंब्याचं सगळंच वाकडं असतं, हे त्यांना पाठ होतं.

“खाली उतरा,” ओळंबा म्हणाला. “लोकांत, जमिनीवर वाजवा. मला तसा फोटो हवाय.”

गिटारवाला हसला. “आज साहेबांची फर्माईश?”

धाकटा हसला नाही. दादाने आजवर कुणाला बोटभर सरकवलं नव्हतं. त्याने दादाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच वर पाहिलं. काही न विचारता त्याने मोठा ड्रम उचलला. बाकीचे कुरकुरत मागोमाग उतरले.

गाणं सुरू झालं. ड्रमचा प्रत्येक ठोका फरशीतून खांबात आणि खांबातून ओळंब्याच्या खांद्यात शिरत होता. आज त्याने कॅमेरा दरवाज्याच्या चौकटीशी जुळवून सरळ केला. पाइप तिरका दिसला, चांगलाच. रिकाम्या स्टेजवर, दिव्याच्या झोतात, बारीक धूळ खाली उतरत होती. मग पाइपाच्या बोल्टचा एक लोखंडी नट खाली पडला आणि गडगडत स्टेजच्या कडेपर्यंत आला. गाण्याच्या आवाजात तो कुणालाच ऐकू गेला नाही.

ओळंब्याने बटण दाबलं नाही. कॅमेरा सोडला, पुढे होऊन नट उचलला आणि क्लबवाल्याच्या तळहातावर ठेवला.

क्लबवाल्याने तो उलटापालटा करून पाहिला. आटे झिजून गुळगुळीत झाले होते.

“दिवे बंद करू?” त्याने विचारलं.

“आधी दारं उघड, लोकांना बाहेर काढू,” ओळंबा म्हणाला, आणि गर्दीतून वाट काढत धाकट्याकडे गेला.