सामाईक विहीर आणि विलायतेचे पंतप्रधान

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी नाकारत नाही. बायको म्हणते, तुम्हाला दुधात पाणी दिसतं आणि पाण्यात दूध. पण ज्या माणसाने अख्खी नोकरी तालुक्याच्या कॉलेजात, बी.ए.च्या पोरांना विलायतेचे पंतप्रधान आणि युरोपचं एकत्र येणं शिकवण्यात घालवत आणली, त्याने दुसरं काय व्हावं? एकेक पंतप्रधान बघा. निवडणुकीआधी एक बोलणार, खुर्चीत बसल्यावर दुसरं, आणि युरोपच्या बैठकीहून परतल्यावर विमानातून उतरता उतरता तिसरंच.

माझी पोरं साखऱ्याची, पुसेगावची, आसपासच्या तांड्यांवरची. पुस्तकातला मजकूर वाचायला घेतला की मागच्या बाकांवर डुलक्या सुरू. म्हणून एका तासाला मी पुस्तक मिटलं आणि आमच्या शेतातली विहीर सांगायला घेतली.

ही विहीर गोरेगावच्या अलीकडे, आमच्या आणि चुलत्यांच्या बांधावर आहे. वाटण्या झाल्यावर माझे वडील काकांना म्हणाले, दोघं मिळून खोदू. काकांनी नाक मुरडलं. त्यांच्या रानाला ओढा लागून होता. ओढ्याला पाणी असेपर्यंत त्यांना भावाची गरज नव्हती. पुढे विहिरीला पाणी लागलं, आमची हळद हिरवीगार उभी राहिली आणि ओढा आटला, तेव्हा काका आले. वडिलांनी त्यांना दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा घेतलं. एक आठवडा पाणी त्यांचं, एक आमचं. उन्हाळ्यात गाळ दोन्ही घरांनी काढायचा, मोटर बिघडली तर दोघांनी बघायचं.

"आता काकांच्या जागी विलायत ठेवा," मी पोरांना म्हणालो. विलायतही आधी बाहेर उभी राहून हसली. मग दारात आली, तेव्हा फ्रान्सच्या अध्यक्षांनी तिला दोनदा परत पाठवलं. ते गेल्यावर ती आत शिरली. पोरं ताठ बसली. पुढचं सोपं होतं. काकांनंतर कारभार थोरल्या चुलतभावाकडे आला. आमचं रान कमी भिजतं म्हणून गाळ आम्ही कमी काढू, असं त्याचं टुमणं. आणि भांडून भांडून ती सूट त्याने पदरात पाडून घेतलीच. विलायतेच्या एका बाई पंतप्रधानांनी हेच केलं होतं. सत्तेत येण्याआधी युरोपच्या बाजारात राहू म्हणून प्रचार, आल्यावर आमचे पैसे परत द्या. थोरला नांदेडला मुलाकडे राहायला गेला आणि धाकटा पुढे आला. हा गोडबोल्या. आपण एकच आहोत म्हणायचा, पण नवी पाइपलाइन मिळून टाकू म्हटलं की त्याला नेमकं बाहेरगावी काम निघायचं. युरोपचे गोडवे गाणारे आणि युरोपचं चलन मात्र घरात न घेणारे पंतप्रधानही होऊन गेले आहेत.

वर्गात हशा पिकला. मला चेव आला. मी म्हणालो, "विहीर खोदताना त्या घरातल्या एकानंही मातीची टोपली उचलली नाही, पण पाण्याची पाळी मात्र बरोबर लक्षात राहते."

वर्गातलं एक पोरगं चुलतभावांच्याच आळीतलं निघालं. रविवारी मी शेतावर गेलो, तर धाकटा बांधावर माझी वाट बघत उभा.

"दादा, मला इंग्लंड करून राहिले म्हने तुमी कॉलेजात?"

मी हसून वेळ मारून नेली.

"बराबर हाय," तो म्हणाला. "मंग इंग्लंडनं शेवटी काय केलं, ते बी सांगा की."

"बाहेर पडलं."

"मंग आमी बी पडतो. माझ्या रानात बोअर घेतो. हे इथं, विहिरीच्या बाजूला."

विहिरीच्या बाजूला बोअर म्हणजे विहिरीचं पाणी ओढलं जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. माझा सख्खा मोठा भाऊ शेजारीच उभा होता, त्याचा चेहरा उतरला. आमची शेती तोच करतो. हळद अजून पाण्यावर होती, कंद भरायचे होते, आणि त्याचं सगळं वर्ष त्या हळदीत होतं. तो मला हळूच म्हणाला, "पाळीत त्याला एक दिवस वाढवून देऊ. तकलीफ मिटंल."

मी त्याला लांब नेलं आणि सांगितलं, तासभरही द्यायचा नाही. हे सोंग आहे. विलायतेच्या एका जुन्या पंतप्रधानांनी बाहेर पडू, बाहेर पडू म्हणत युरोपकडून थोडं मिळवलं, मग लोकांना विचारलं, लोक राहू म्हणाले आणि सगळं निवलं. हाही तेच करतोय. बोअरची गाडी कोणाची, कधी येणार, असं विचारलं की इकडेतिकडे बघतो. भावाला ते पटलं नाही, पण शिकलेल्या भावाचं त्याने ऐकलं.

माझा अंदाज खरा होता, एवढं मी आजही सांगतो. धाकट्याला बाहेर पडायचंच नव्हतं. त्याने घरच्यांना बसवलं, बायको, मुलगा, सून आणि म्हातारी काकू, आणि विचारलं, राहायचं का निघायचं? सगळे राहू म्हणतील, मग आमच्याकडे येऊन म्हणायचं, बघा, कसंबसं थोपवलंय, आता काहीतरी द्या, असा त्याचा डाव. अलीकडच्या एका पंतप्रधानांनी असंच लोकांना विचारलं होतं आणि ते त्यांच्या अंगाशी आलं होतं. धाकट्याच्याही आलं. काकू म्हणाली, निघा. काकू म्हणाली म्हणून सगळेच म्हणाले. आता शब्द फिरवायची सोय नव्हती, त्याने खरंच गाडी सांगितली.

भावाचा फोन आला. "तू म्हनला होता सोंग हाय. गाडी सोमवारी येऊन राहिली." एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. 

दुसऱ्या दिवशी मी जीपने गोरेगावला उतरलो आणि सरळ काकूकडे गेलो. आता माझा संशय तिच्यावर होता. नांदेडहून थोरल्याने कान भरले असतील, नाहीतर बोअरची गाडी सुनेच्या माहेरची असेल, असं मी वाटेत सगळं जुळवलं होतं. काकू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. ती मला बस म्हणाली नाही.

"काकू, निघा काहून म्हनलीस?"

"आमच्या घरातल्या एकानं बी टोपली उचलली न्हाई, असं सांगून राहिला म्हने तू लेकरायला."

"काकांनी न्हाई उचलली, म्हनून..."

"त्यांनी न्हाई उचलली. मी उचलली." तिचे हात थांबले नाहीत. "तुझ्या येळी तुझी माय बाळंतीन होती. तिच्या जागी मी विहिरीत उतरले. नवरा बोलला, तरी उतरले. मायनं तुला सांगितलं न्हाई कधी?"

आईने सांगितलं होतं. एकदा नाही, कितीदा तरी. मला ते खरंच वाटलं नव्हतं. एक जाऊ दुसरीचं कौतुक करते तेव्हा आत काहीतरी शिजत असणार, असं मी धरून चाललो होतो. ओसरीवर उभ्या उभ्या मला माझी लाज वाटली.

"चुकलो," मी म्हणालो. "गाडी येऊ देऊ नको, काकू. भावाची हळद जाईल."

"तुझ्या वहिनीला लावून दे," ती म्हणाली. "बोलनी तिच्याशी. तुझ्याशी न्हाई, अन् आमच्या ह्या शहान्याशी बी न्हाई."

वहिनी आली. दोघी आतल्या खोलीत बसल्या. मी आणि धाकटा बाहेर लिंबाखाली, एकमेकांकडे न बघता.

"आता काय करून राहिलं इंग्लंड?" त्याने विचारलं.

"परत आत यायचं नाही म्हणतंय. पण येणंजाणं वाढवू म्हणतंय."

"म्हंजी तकलीफ हाय त्याला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला त्याच्या बोलण्यात काही काळंबेरं वाटलं नाही.

सोमवारी गाडी आली नाही. मोटर नेहमीसारखी चालू झाली आणि हळदीला पाणी मिळालं. भावाची हळद वाचली म्हणून मला हायसं वाटलं, आणि आम्हाला कोणी काही विचारलं नाही म्हणून रागही आला. पाळी तीच राहिली, का काकूला जास्त दिलं, का वहिनीने भलताच काही शब्द दिला, मला काहीच कळेना. शेवटी न राहवून मी वहिनीला विचारलंच, तुमचं नेमकं ठरलं काय?

"भावजी, तुमाला सांगितलं की ते उद्या कॉलेजात पोचतंय," ती म्हणाली. ती हसत नव्हती.