चीनचं बंदर

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे मी एक ऐतिहासिक साहसकादंबरी लिहिली. चीनमधलं गोऱ्यांच्या ताब्यातलं बंदर, अफूची जहाजं आणि तिथून पळून जाऊ पाहणारी एका खलाशाची मुलगी. समुद्र मी पाहिलेला नव्हता. बुलढाण्याच्या कचेरीत बसून मनातल्या मनात गावाकडच्या वान नदीच्या पुरावर जहाजं सोडायचो, एवढीच माझी दर्यावर्दी.

उन्हाळ्यात वरवट बकालला घरी गेलो. थोरल्या भावाची मुलगी सातवी पास झाली होती. तिला आमच्याकडे बुलढाण्याला ठेवून हायस्कुलात घालावं, असा माझा आणि बायकोचा हट्ट. भाऊ नको म्हणत होता. शेवटचा शब्द वडिलांचा. शिकल्याचा उपयोग भावालाही दिसू दे, कादंबरी वाचून दाखव, हे त्यांनीच सुचवलं. आणि पोरानं चीनच्या बंदरावर पुस्तक लिहिलंय, असं आळीभर सांगून आले.

संध्याकाळी ओटा भरला. बाया लेकरं कडेवर घेऊन आल्या. मी घसा खाकरून सुरुवात केली. धुकं, डोलकाठ्या, कप्तानाचा पाईप. दोन प्रकरणं झाली. लोक टक लावून बसलेले. मला वाटलं, रंगलेत. मग शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, "सारं झालं, पण बंदर कई येते बे?"

"आलं ना. सगळं तिथंच चाललंय."

"कुठी? शेपटी तं दिसली नाही."

आमच्याकडे बंदर म्हणजे माकड, हे पुस्तकी मराठी लिहिता लिहिता मी पार विसरलो होतो. जहाजं लागतात ती जागा, असं समजावून सांगितलं तेव्हा हसण्याचा जो लोंढा आला, त्यात कप्तानासकट सगळं वाहून गेलं. लेकरं रडायला लागली. त्यांना माकड पाहिजे होतं.

वडील हसले नाहीत. ओटा रिकामा झाल्यावर म्हणाले, "इतकं शिकून याले घरच्या माणसाइले समजन असं लिवता येत नाही. पोरीले काऊन धाडाचं मंग?"

भाऊ ओट्यावरची सतरंजी गुंडाळू लागला. त्याला बोलायची गरजच उरली नव्हती.

सकाळी मी आणि बायको बुलढाण्याच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. पुतणी डोक्याला फडकं बांधून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या वेचायला निघाली होती. जवळ येऊन म्हणाली, "काका, थे पोरगी जहाजात बसली का मंग?"

बसली, म्हणालो.

"बरं झालं," म्हणाली, आणि बायांच्या मागोमाग वावराकडे गेली.