टेम्पोतली जागा

आमच्या नेवाशाच्या कॉलेजच्या कबड्डी संघात तो कधीच खेळला नाही, कारण लहानपणापासून त्याच्या पायांत जोर नव्हता. हातानं चालवायची तीनचाकी सायकल तो मैदानाच्या कोपऱ्यात फक्कीच्या रेषेला अगदी चिकटून लावायचा. पंच ओरडले की वीतभर मागं सरकायचा आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा पुढं.

मी चढाईला निघालो की तोही तिथं बसून माझ्याबरोबर एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणायला लागायचा. मी पकडला गेलो की चिडायचा. "माझा दम अजून शिल्लक हुता की रं! तुझा कसा संपला?"

बाहेरगावी सामना असला की आम्ही त्याला सांगायचो, टेम्पोत सायकल मावत नाही. तो लगेच म्हणायचा, "सायकल ऱ्हाऊ द्या. मला घ्या उचलून." मग कुणाच्या तरी पाठीवर बसून तो मैदानात यायचा आणि दिवसभर ठेवला त्याच जागी बसून राहायचा. त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायचा नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. पुढचा सामना कर्जतला होता. निघताना त्याची आई म्हणाली, "तेची सायकल तरी न्या रं संगं."

आम्ही चौघांनी ती उचलून टेम्पोत ठेवली आणि सगळे तिच्या कडेनं बसलो. कर्जत येईपर्यंत कुणी कुणाकडं पाहिलं नाही.

सायकल आरामात मावली होती.