डब्लेल साहेबाची पाटी

पिंगळी स्टेशनाजवळच्या आमच्या चर्चच्या दारापाशी भिंतीत एक पाटी बसवलेली आहे. तिच्यावर इंग्रजी डब्ल्यू आणि एल, मध्ये एक तिरपी रेघ. ही मंडळीच्या संस्थापक साहेबाची आद्याक्षरं आणि रेघ म्हणजे कललेला क्रूस, असं लहानपणापासून ऐकत आलो.

डब्ल्यू-एलचा बोलण्यात डब्लेल झालेल्या या साहेबाची सगळी माहिती माझ्या आत्याकडे. ती लग्न न करता जन्मभर चर्च झाडत आली आणि तिच्या तोंडी साहेब वाढत गेला. माझ्या लहानपणी तो पायी यायचा. मी कॉलेजात जाईस्तोवर त्याला घोडा मिळाला. तो ठेच्याशी भाकरी खायचा, आणि आत्याच्या आज्याला बाप्तिस्मा त्यानंच दिला. वर्धापनदिनी पाटीला हार घालायची आत्याच. आयुष्यात तिला एवढाच एक मान.

यंदा मंडळीचा इतिहास लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. पाटीवर अक्षरांभोवती साचलेला चुना खरवडला, तर खालून पिवळा रंग निघाला. पाळकसाहेबांचे सासरे पूर्ण्याहून आले होते, निवृत्त इंजिन ड्रायव्हर. पाटी दिसताच त्यांचा हात हॉर्नसाठी आपोआप वर गेला.

"ही तर रेल्वेची पाटी! डब्ल्यू म्हंजे व्हिसल, एल म्हंजे लेव्हल क्रॉसिंग. पुढं फाटक हाय, शिट्टी मारा म्हनून. हिथं कुनी बसवली?"

बांधकामात दगड कमी पडला म्हणून रुळाकडची पाटी उचलून बसवली असणार, दुसरं काय. मला हसू फुटलं, आणि मागं खराटा घेऊन उभी असलेली आत्या दिसली.

"म्हंजे सायब न्हाईच?"

"नाही गं, आत्या."

ती संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिली. मला माझाच राग आला. कुणी सांगितला होता चुना खरवडायला?

वर्धापनदिनी हार घेऊन कोण पुढं होणार, म्हणून सगळे एकमेकांकडं बघत राहिले. तेवढ्यात आत्या नवं लुगडं नेसून आली. हार पाटीला घातला आणि छाती भरून ओरडली, "कूऽऽऽक!"

पाळकांच्या हातातलं गीतांचं पुस्तक पडलं.

"बघायलाव काय?" ती आमच्यावरच डाफरली. "पाटी म्हनती तसं इतकी वर्सं कुनी केलं न्हाई. लय उशीर झालाय. वरडा!"

पहिला आवाज ड्रायव्हरसाहेबांनी दिला. मग सगळी मंडळी ओरडली. मीही ओरडलो, आणि डोळे कधी भरले कळलं नाही.

इतिहासातून साहेब काढला. घोडा मात्र आत्यानं काढू दिला नाही.