लिआनच्या गाण्याचा खोटा अर्थ

परवाच्या रविवारपर्यंत हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. नवऱ्याजवळसुद्धा नाही. आता तुमच्याशी बोलतेय, तर अडखळत का होईना — सांगते.

२०१३च्या सुमाराची गोष्ट. वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत नोकरी, क्लेमेंटीत भाड्याची खोली, पुण्याहून नुकतीच परदेशात आलेली मी. ओळखीचं कुणी नाही. लिआन शेजारच्या टीममध्ये होती, मूळची चीनमधल्या चेंगदूची. आठवडाभर मान खाली घालून कोड लिहायची आणि शनिवारी दुपारी तालमीच्या खोलीत आपल्या बँडबरोबर चिनी रॉक गायची — घसा फाटेल असं! तिच्याभोवती आम्ही चार-पाच परदेशी जमलो होतो. पोस्टर चिकटवायची, स्पीकर उचलायचे, माणसं गोळा करायची, सगळं हौसेनं. त्यातला सगळ्यात जुना कॉलम नावाचा एक जण. आयरिश, इंग्रजी शिकवायचा.

मला चिनी येते, असं मी या सगळ्यांना सांगितलं होतं. येत होती का? पुण्यात सहा महिने क्लास केला होता, बस. पण त्या घोळक्यात आपलंही काहीतरी वजन हवं — नाही का वाटत माणसाला?

बँडचा इंग्रजी ब्लॉग होता. पासवर्ड सगळ्यांकडे, लेखाखाली नाव कुणाचंच नाही. लिआनचं एक गाणं होतं, बंद दार ठोठावणाऱ्या मुलीचं. चारातला एखादा शब्द मला कळला. बाकीचं — बाकीचं मी रचलं. हे दार म्हणजे तिकडचं सरकार, असं ब्लॉगवर बिनदिक्कत लिहून टाकलं. रॉक म्हटलं की बंड असणारच, अशी आम्हा बाहेरच्यांची समजूत. लेखाचं कौतुक झालं. मी मनातल्या मनात फुलले.

दोन महिन्यांनी चेंगदूच्या एका कार्यक्रमातून बँडचं नाव काढलं गेलं. तो लेख आयोजकांपर्यंत पोचला होता. तिथं लिआनचे वडील पहिल्यांदाच तिला ऐकायला येणार होते.

त्या शनिवारी ती आमच्यापुढे उभी राहिली. “ते गाणं माझ्या आईचं आहे. आजारपणात ती मला खोलीत येऊ देत नसे. कुणी लिहिलं हे?”

मी केबल गुंडाळत होते. गुंडाळतच राहिले. राजकारणावर तावातावानं बोलायचा तो कॉलम; सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या.

“मी नाही लिहिलं,” तो म्हणाला.

“जा तू,” लिआन म्हणाली. “पुन्हा येऊ नकोस.”

जाताना तो माझ्यापाशी थांबला. “तिच्याकडे लक्ष दे,” म्हणाला. आणि मी — मी मान हलवली हो!

वर्षभरात बँड मोडला, लिआन मायदेशी गेली. माझं लग्न झालं, आम्ही बुओना व्हिस्टाला राहायला आलो. एमआरटी मेट्रोत कॉलम दिसला की मी पुढच्या डब्यात सरकायचे. किती वर्षं? पाच.

परवा क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, तो एकटाच जेवत होता. पाय मागे वळले होते माझे, खोटं कशाला बोलू? पण परत फिरले, समोर बसले आणि म्हणाले, “कॉलम, तो लेख माझा होता.”

त्यानं चमचा खाली ठेवला.

“मला वाटायचं, लिआननंच लिहिलं आणि घाबरून माझ्यावर ढकललं,” तो म्हणाला. “नंतर तिच्या तीन मेल आल्या. मी एकही उघडली नाही.”

जेवण तसंच टाकून तो उठून गेला.

मी तिथंच बसून लिआनला मेलमध्ये सगळं लिहिलं, पाठवलं. आणि मग इतकं हलकं वाटलं, की बस न पकडता घरापर्यंत चालत आले. असं हलकं वाटायचा मला काय हक्क? — पण वाटलं.

आज सकाळी लिआनचं उत्तर आलं. एकच ओळ. माझ्याबद्दल त्यात अक्षरही नाही. तिनं फक्त कॉलमचा नंबर मागितलाय.

मी पाठवला.